अंग चोरून वाढणारं झाड

करावे गाव,
४ सप्टेंबर २०२४

दिपेश,

मेसेज केला की तू दोन निळ्या रेघा करतोस आणि गप्प बसतोस. कागदाला ती सोय नाही, म्हणून कागदावर लिहितेय. शाळेतून सुटल्यावर मुद्दाम टपाल कार्यालयात गेले तर तिथल्या बाईने मला वर-खाली बघितलं. हॉलंडला पत्र? कुणाला? म्हटलं, सख्ख्या भावाला. ती म्हणाली, फोन नाही का त्याच्याकडे? काय सांगणार तिला.

काल नंदकिशोरदादाने मला आपल्या बिल्डिंगच्या पुढच्या अंगणाचं चित्र दाखवलं. आपल्या जागेवर सात मजले उभे केले, त्यात आपल्याला दोन फ्लॅट देणार, म्हणजे तो आता चुलतभाऊ कमी आणि बिल्डर जास्त आहे. पण चित्र दाखवताना त्याचा चेहरा अगदी लहानपणच्यासारखा फुलला होता. चित्रात गुळगुळीत फरशी आहे, आणि एक गोरी बाई पांढरं कुत्रं घेऊन चालली आहे. आपल्या गल्लीतल्या भटक्या कुत्र्यांमधून ते कुत्रं घेऊन ती वळणापर्यंत तरी पोचेल का, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. आणि तिच्या मागे तीन झाडं. सरळ, उंच, बारीक, हात अंगाला चिकटवून परेडला उभी केल्यासारखी.

मी विचारलं, "आनि आमचा वावळा कुटं हाय?"

दादा म्हणाला, "तो नाय. तुझ्या भावानंच काढून पाठवलाय नकाशा. तिकडं बागांचे नकाशे काढायचे पैसे घेतो, आपला एक रुपया घेतला नाय पोरानं. ह्या नव्या झाडाला एल्म म्हनतात. अंग चोरून वाढतं, पार्किंगला आडवं येत नाय."

फुकट दिलंस, छान केलंस. आता मी सांगते ते कर. नकाशा बदल. तुझी तीन झाडं कुठे लावायची तिथे लाव, नाहीतर लावू नकोस. पण वावळ्याला हात लागता कामा नये. ते आयचं झाड आहे. का, ते विचारू नकोस. आयने मला शपथ घातली आहे आणि ती शपथ नेमकी तुझ्याबद्दलची आहे. एवढ्यावर विश्वास ठेवता येत नसेल तर तिला फोन कर आणि तिच्याकडून "तोडू नको" एवढंच ऐकून घे. फ्लॅट ताब्यात येईपर्यंत घेतलेल्या समोरच्या भाड्याच्या खोलीतच ती आहे. दारात स्टूल टाकून दिवसभर वावळ्याकडे बघत बसते.

परवा पिठोरी झाली. आयने नेहमीसारखी खीरपुरी केली, लेकरांचं वाण खांद्यावरून मागे धरलं आणि विचारलं, "अतित कोन?" अतिथीसारखी मागे उभी राहून मी म्हटलं, "मी, रंजिता," आणि वाण घेतलं. मग तुझं वाण. तू नऊ वर्षं नाहीस, तर नऊ वर्षं मीच आवाज जाड करून म्हणते, "मी, धोंड्या." आय हसते. दर वर्षी तेवढ्यालाच हसते. तुला ते नाव आवडत नाही हे माहीत आहे, तरी कळवलं.

रंजिताताई


करावे गाव,
२१ ऑक्टोबर २०२४

दिपेश,

तुझी ईमेल मिळाली. मी कागदावर लिहिलं आणि तू ईमेल केलीस, तेही तीन भागांत आणि प्रत्येक भागाला शीर्षक देऊन. तुझ्या ऑफिसात शिपायालाही अशीच लिहितोस का रे?

सगळं वाचलं. एल्मची उंची कळली, घेर कळला, युरोपातल्या कुठल्या कुठल्या रस्त्यांवर तो कसा शोभतो ते कळलं. पुण्याची कुठलीशी नर्सरी बाहेरून कलमं आणते हेही कळलं. वावळ्याची मुळं पाण्याच्या टाकीत शिरतील, पानं चुरगळली की घाण वास येतो, उन्हाळ्यात पापड्यांचा कचरा पडतो. खरं आहे. त्याच पापड्या सोलून आतलं बी खात तू उन्हाळे काढलेस, तेव्हा वास येत नव्हता वाटतं.

आणि शेवटचं वाक्य. "ताई, वावळा हासुद्धा एल्मच्याच कुळातला, तेव्हा आपण झाड काढत नाही, त्याच्या जागी त्याचाच भाऊ लावतोय."

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा शाळेच्या स्टाफरूममध्ये होते. उठून बाहेर गेले. तुला काही माहीत नाही म्हणून तू लिहू शकलास. पण मला माहीत आहे ना.

आयला तू फोन केलास तेही कळलं. तिने सांगितलं, "नको तोडू." तू म्हणालास, अंधश्रद्धा आहे. आयने फोन ठेवला. कारण पुढे जे सांगायचं, ते तुला सांगायचं नाही असं तिने ठरवून चव्वेचाळीस वर्षं झाली. आता मी शपथ मोडते. पाप लागायचं ते मला लागो.

तुझ्याआधी एक मुलगा झाला होता. मी सहा वर्षांची होते. त्याचं बारसंही झालं नव्हतं. ताप आला आणि दुपारच्या दुपारी गेला. एवढं लहान मूल जाळत नाहीत, पुरतात. बाबांनी त्याला धोतरात गुंडाळलं, सुपात घेतलं आणि परसात, आता बिल्डिंगचं पुढचं अंगण होणार आहे तिथे, खड्डा करून ठेवलं. वर दगड रचले, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. त्याचं श्राद्ध नसतं, तेरावं नसतं, रडायचीही फार परवानगी नसते. आयला सासूने सांगितलं, आता पुढच्याची वाट बघ. पुढच्या पावसात त्या दगडांतून वावळ्याचं रोप वर आलं. कुणी लावलं नव्हतं. आयने त्याला कुंपण केलं.

मग तू झालास. तुझ्या नाकात भोक का आहे, असं तू कितीदा विचारलंस. आम्ही सांगायचो, नवस होता. नवस नव्हता. आधीचं मूल गेलं की पुढच्या मुलाचं नाक टोचतात, त्याला मुलीसारखी वाळी घालतात आणि दगड-धोंडा असं काहीतरी टाकाऊ नाव ठेवतात, म्हणजे न्यायला येणाऱ्याला वाटावं, हे काही कामाचं नाही. म्हणून तू धोंड्या. शाळेत दिपेश, घरात धोंड्या. आणि तुला त्या पहिल्याबद्दल कधी सांगायचं नाही, कारण त्याचं नाव निघालं की त्याची सावली तुझ्यावर पडेल, ही आयची भीती. तू मिसरूड फुटल्यावर नाकातली वाळी काढून फेकलीस तेव्हा भाकरी करपली तरी ती चुलीपुढे बसून राहिली. तुला वाटलं, सोन्यासाठी.

आणि तुझ्या लग्नात. हॉलमध्ये प्राचीच्या घरच्यांसमोर ती "धोंड्या, इकडं ये" म्हणाली आणि तू तिच्या कानाशी जाऊन काय बोललास ते मी ऐकलं होतं. "परत हे नाव घेतलंस तर मी तुला माझ्या घरी बोलावणार नाही."  पण नाव सोडलं नाही तिने. तुझ्या तोंडावर ते घ्यायचं टाळलं, म्हणून फोनवरचं बोलणंही कमी झालं. तू म्हणतोस, आय माझ्याशी मोकळी बोलत नाही. अरे, तुला काय म्हणून हाक मारायची हेच तिला कळत नव्हतं.

पिठोरीला आय तिसरं वाण घेऊन परसात जायची. तू म्हणायचास, कावळ्याला घालते. कावळ्याला नाही. वावळ्यापाशी उभी राहून ती एकदाच विचारायची, अतित कोण? आणि थोडं थांबून परत यायची. तिला त्या मुलासाठी करता येण्यासारखं एवढं एकच होतं.

आता कळलं. आता फक्त नंदकिशोरदादाला एक फोन कर. मी सांगितलं तर तो म्हणतो, नकाशा तुझ्या भावाचा, त्याने बदलला तर मी बदलतो. एक फोन.

रंजिताताई


करावे गाव,
२४ जानेवारी २०२५

दिपेश,

तुझं उत्तर आलं होतं. "ताई, वाचून आतून हललो. दोन दिवस काम सुचलं नाही." मी ते वाचून देवापुढे दिवा लावला. एवढी मी मूर्ख. शाळेत मुलं मला कडक बाई म्हणतात, त्यांना सांगायला हवं.

मग नंदकिशोरदादाकडे नवीन नकाशा आला. झाडं तीच, जागा तीच. बदल एकच. मधल्या एल्मखाली काळ्या दगडाचं बाक आणि त्यावर पाटी. दादाने मला मोठ्या कौतुकाने वाचून दाखवलं, "स्मृतिकोपरा". तू त्याला लिहिलं होतंस म्हणे की, वावळा ठेवला तर सगळी मांडणी बिघडते, पण जागेचा मान राहील. दादा म्हणाला, "बघ, शिकलेला मानूस कसा मार्ग काढतो."

वावळा संक्रांतीच्या आदल्या दिवशी पाडला. परवानगी रीतसर होती, सगळं कायद्यात बसणारं होतं. मी शाळेत होते. आय दारातल्या स्टुलावर होती. शेजारची पुतळाकाकू सांगते, झाड पडेपर्यंत आय जागची हलली नाही. फक्त मशीन खड्डा खणायला लागलं तेव्हा उठली, रस्ता ओलांडून गेली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "बाबा, जरा हलूहलू खन." त्याला कळेना. कुणीतरी म्हणालं, आजीचं झाड होतं. त्याने मशीन बंद केलं, आय बघेपर्यंत थांबला. खड्ड्यात मुळं होती, दगड होते. बाकी काही नव्हतं. एवढ्या वर्षांनी काय असणार. ती परत येऊन स्टुलावर बसली.

इथपर्यंतही मी गिळलं असतं.

मागच्या रविवारी दादाचा विपुल मोबाइल घेऊन आयच्या खोलीत आला. "आज्जी, दिपेशकाकानं तुमच्यावर लिवलंय, आक्ख्या जगानं वाचलंय." तू तुझ्या कामाच्या लोकांच्या त्या वेबसाइटवर टाकलं होतंस. मी कधीच न पाहिलेला माझा भाऊ, असा इंग्रजीत मथळा, खाली वावळ्याचा जुना फोटो, त्याच्याशेजारी तुझ्या तीन एल्मचं चित्र, आणि जागेला स्मृती कशी असते यावर चार परिच्छेद. सूप होतं, धोतर होतं, दगड होते. माझ्या पत्रातली वाक्यंच्या वाक्यं. नाकाच्या भोकाचाही उल्लेख होता. लग्नात ज्याची लाज वाटत होती ते आता चारचौघांत दाखवायला चालतं. खाली लोकांनी हृदयं काढली होती. विपुल बिचारा आनंदाने एकेक वाक्य मराठीत करून आयला सांगत होता. मी पोचले तेव्हा तो शेवटच्या परिच्छेदावर होता.

आयने मला विचारलं, "त्याला कोनी सांगलं?"

"मी."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "आनि त्यानं गावभर केलं." बस्स.

त्या संध्याकाळी तुझा फोन आला आणि आय तुला पहिल्यांदा "दिपेश" म्हणाली. लगेच तुझा मला मेसेज. "शेवटी आयने मला माझ्या नावाने हाक मारली! मनावरचं ओझं उतरलं." सोबत नमस्काराचे हात.

तुला वाटतं, ती बदलली. मी तिला विचारलं, आये, धोंड्या का नाय म्हनलीस? ती म्हणाली, "लपवाचं होतं तवर ते नाव. आता काय लपवाचं रायलंय?"

तिने जन्मभर तुझ्यावर पदर धरला होता, दिपेश. तो तिने त्या दिवशी खाली केला. तू त्याचा आनंद साजरा केलास.

रंजिता


करावे गाव,
११ मे २०२५

दिपेश,

झाडांचे फोटो पाठव, फोटो पाठव, असे तुझे आता पाच मेसेज झाले. आय कशी आहे, हे एकात विचारलं होतंस, तेही फोटोंच्या नंतर. आम्ही नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो, त्याचा फोटो तू मागितला नाहीस.

फोटो पाठवत नाही. सांगते. मार्चमध्ये तुझे तिघे पाहुणे ट्रकमधून आले. क्रेनने उतरवले. गावातली पोरं बघायला जमली होती. आठ दिवस खरोखर छान दिसले, खोटं का बोलू. मग खाडीकडचा वारा सुरू झाला आणि पानांच्या कडा करपायला लागल्या. तू सांगितलंस म्हणून दादाने हिरवी जाळी बांधली, सकाळ-संध्याकाळ पाणी फवारायला माणूस लावला. नळाला पाणी कमी आलं की चौथ्या मजल्यावरची सुचिता खाली उतरून त्या माणसाशी भांडते. एक झाड गेलंच आहे, ते पडू नये म्हणून बांबूला बांधून ठेवलंय. दुसऱ्याचं काही खरं नाही. मधलं जगेल असं वाटतं. तू लिहिलं होतंस ना, थंडी पडल्यावर ते पानं टाकून झोपतं आणि ताजंतवानं होऊन उठतं. इथे थंडी कुठून आणायची ते लिहायचं राहिलं.

बाकही बसलं. पाटीवर मराठीत आणि इंग्रजीत कोरलंय, "इथे एक झाड होतं. त्याच्या सावलीत एक आठवण." आयने मला विचारलं, काय लिवलंय? मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "सावली कुटं हाय?" ऊन मी म्हणत होतं आणि तुझं झाड अंग चोरून उभं होतं. त्याची सावली बाकापर्यंतसुद्धा येत नाही.

आता आय रोज सकाळी खाली जाते आणि त्या पाटीवर पायपुसणं वाळत घालते. सोसायटीच्या सेक्रेटरीने एकदा हटकलं. मी त्याला म्हटलं, वाळू दे. गच्चीपेक्षा तिथे ऊन चांगलं लागतं.

पिठोरीला येतोस का? हे मी विचारतेय, आय नाही. बायको-मुलांना आणू नकोस, ते बाक बघायला येऊ नकोस, लिहायला काही मिळेल म्हणून तर मुळीच येऊ नकोस. एक दिवस येऊन तिच्या मागे उभा राहा. तिने विचारलं की काय म्हणायचं, ते तुला माहीत आहे. कामासाठी इकडे यायला तुला वेळ मिळतो. नंदकिशोरदादा म्हणाला, फेब्रुवारीत तू दिल्लीत कुठल्याशा परिषदेला येऊन गेलास. मी आयला ते सांगितलेलं नाही.

रंजिता


करावे गाव,
२३ ऑगस्ट २०२५

दिपेश,

काल पिठोरी झाली.

तू येतो म्हणालास, तिकीट काढतो म्हणालास, मग परवा मेसेज केलास की प्रोजेक्टची तारीख पुढे आली, गणपतीनंतर बघू. मी आयला काही कळू दिलं नाही. तरी तिने सकाळी विचारलं, "नाय ना येत?" मी पुरीचं पीठ मळत होते. मान हलवली.

संध्याकाळी तिने वाण घेतलं, खांद्यावरून मागे धरलं. "अतित कोन?" म्हटलं, "मी, रंजिता." घेतलं. मग तिने तुझं वाण उचललं आणि मी सवयीने घसा खाकरला, आवाज जाड केला. तिने मागे वळून माझ्या तोंडावर हात ठेवला. "त्याचं तू नको बोलू."

तिने वाण दोन द्रोणांत भरलं. दोन. मी म्हटलं, खाली झाडापाशी तर एकच न्यायचा असतो ना? तिने दोन्ही द्रोण ताटलीत ठेवले. आम्ही लिफ्टने खाली गेलो. वॉचमन उठून उभा राहिला, त्याला वाटलं प्रसाद आहे. मधल्या एल्मपाशी, जिथे खड्डा खणला होता तिथे, ती थांबली. एक द्रोण खांद्यावरून मागे धरला आणि विचारलं, "अतित कोन?" थोडी थांबली. द्रोण बुंध्याशी ठेवला. एवढं दर वर्षीचंच. मी परत फिरायला लागले.

तिने दुसरा द्रोण उचलला, खांद्यावरून मागे धरला आणि पुन्हा विचारलं. "अतित कोन?"

गेटबाहेर रिक्षा उभी होती, वरच्या मजल्यावर कुणाचा तरी टीव्ही चालू होता. ती पहिल्यापेक्षा जास्त वेळ थांबली. तिचा हात दुखायला लागलेला मला दिसत होता. मग तिने तो द्रोणही पहिल्याच्या शेजारी ठेवला.

मी म्हटलं, "आये, ह्ये कोनाचं?"

"धोंड्याचं."

"आये, काय करतेस ह्ये? तो जिता हाय."

ती गुडघ्यावर हात देऊन उठली. "जितं लेकरू 'मी' म्हनतं," म्हणाली, आणि लिफ्टकडे चालायला लागली.

मी काल खूप रडले आणि आज शाळेत जाऊन दोन तास शिकवून आले. तुला शिव्या द्यायला बसले होते, पण आता त्यातही जीव राहिला नाही. तू एवढे दिवस मागत होतास तो फोटो सोबत पाठवतेय. मधलं झाड खरंच जगलंय, नवी पानं फुटली आहेत, तुझ्या लोकांना दाखवायला उपयोगी पडेल. बुंध्याशी दोन द्रोण दिसतील. डावीकडचा तुझा.

रंजिता